बाळाचा स्वभाव ओळखा, शिस्तीचं मग बघू: नव्या आईबाबांसाठी

एकाच घरातली दोन मुलं, तेच आईबाप, तोच वरणभात, आणि एक कुकरच्या शिट्ट्या चालू असताना पण गाढ झोपतं तर दुसरं दाराची कडी वाजली तरी दचकून उठतं. मग सुरू होतं, हिचे लाडच जास्त झाले, त्याला तुम्हीच डोक्यावर बसवलाय, आमच्या वेळी असली थेरं नव्हती वगैरे. तर पहिल्यांदाच सांगते, बाळ थोडाफार स्वतःचा स्वभाव घेऊनच जन्माला येतं, आणि तो तुम्ही बदलायला गेलात की दोघांचेही हाल होतात. आपलं काम वेगळं आहे. त्या स्वभावासकट त्याला स्वतःला आवरता आलं पाहिजे, म्हणजे राग आला तरी हात उगारायचा नाही, भीती वाटली तरी पाय पुढे टाकायचा, हवं असलं तरी दोन मिनिटं थांबायचं. हे कोणीच पोटातून शिकून येत नाही, हळूहळू शिकवावं लागतं, आणि शिकवायची रीत प्रत्येक पोराला वेगळी लागते. खाली जे लिहिलंय ते साधारण जन्मापासून चार-पाच वर्षांपर्यंतचं आहे. वयाप्रमाणे वाचत गेलात तरी चालेल, पण दुसरी आणि चौथी पायरी मात्र सोडू नका.

पायरी १: पहिले तीन महिने लेबल लावायचं नाही

बारशाच्या दिवशीच "हे भारी रडकं निघणार बघ" असं जाहीर करणारे लोक प्रत्येक खानदानात असतात, त्यांना चहा द्या आणि विषय बदला. पहिल्या काही आठवड्यांतलं रडणं वाढतच जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच उतरतं, हे जवळपास सगळ्याच बाळांचं असतं. त्यात दिवेलागणीला जास्त. १९५४ मध्ये वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक मोजमाप सांगितलं होतं, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा जास्त आणि असं तीन आठवड्यांच्या वर चालू राहिलं तर त्याला कोलिक म्हणायचं. बाळ बाकी नीट पीत असेल, वजन वाढत असेल तर यातली बहुतेक बाळं पुढे अगदी नेहमीसारखी होतात. म्हणून या काळातल्या रडण्यावरून स्वभाव ठरवू नका.

या दिवसांत करायचं काय, तर पोट, लंगोट, गरम होतंय का थंडी वाजतेय एवढं बघायचं, छातीशी उभं धरायचं, एकसुरी काहीतरी गुणगुणत फिरायचं. मधात उगाळलेली गुटी चाटवू नका, वर्षाच्या आत मध अजिबातच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आजी रुसली तरी चालेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक गोष्ट अगदी ठळक सांगायची: कितीही डोकं फिरलं तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. हात थरथरायला लागले तर बाळाला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, पाच-दहा मिनिटांनी परत या. तेवढं रडल्याने त्याचं काही बिघडत नाही.

पायरी २: एक वही घ्या आणि आठवडाभर नुसतं बघा

चार महिन्यांनंतर कधीही करा. सल्ला कोणाचाच घ्यायचा नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, फक्त लिहायचं.

काय लिहायचं याची यादी मी बनवलेली नाही, ती न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोची आहे, दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी १९५६ मध्ये तिथल्या तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. त्या काळी मूल बिघडलं की आईला दोषी धरायची पद्धत होती आणि या दोघांना ते पटत नव्हतं. त्यांनी नऊ गोष्टी बघितल्या, त्या आपल्या भाषेत अशा. हातपाय किती चालतात, लंगोट बदलताना गप्प पडतं की कुस्ती खेळतं. भूक, झोप, शी यांच्या वेळा ठरलेल्या आहेत की रोज नवं वेळापत्रक. नवीन माणूस, नवीन चव, नवीन घर आलं की पहिला झटका पुढे जायचा की मागे सरकायचा. मागे सरकलं तरी दोन-तीन वेळांनी सवय होते का. झबल्याचं लेबल टोचलं, मिक्सर लागला, लाइट लागला तर किती फरक पडतो. आनंद आणि राग दाखवताना आवाज केवढा, कुरकुर की थेट शेजारच्या बिल्डिंगपर्यंत. दिवसभराचा एकंदर मूड हसरा की किरकिरा. रडताना खुळखुळा दाखवला तर विसरतं का. आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागलं की किती वेळ लागून राहतं.

यावरून त्यांनी ढोबळ तीन गट केले. साधारण ४० टक्के मुलं सोपी, वेळेवर खाणारी झोपणारी हसणारी. १० टक्के अवघड, म्हणजे वेळा नाहीत, नवीन काही आवडत नाही आणि सगळं मोठ्या आवाजात. १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी, जी आधी कोपऱ्यातून बघतात आणि मग कधीतरी येतात. बेरीज करून बघा, उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात नीट बसली नाहीत. म्हणजे तुमचं पोर "कुठल्याच टाइपचं वाटत नाही" म्हणून घाबरायचं काही कारण नाही, दर तीनातलं एक तसंच असतं.

आता हे लिहिलेलं म्हणजे जन्मपत्रिका नाही हं. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत लोंबती खेळणी हलवली, टेपवरचे आवाज ऐकवले, वेगळे वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागलं आणि पुढे दुसऱ्या वर्षी यातली बरीचशी बुजरी निघाली. पण वर्षं जाऊ दिल्यावर त्यातली थोडीच मुलं शेवटपर्यंत तशी अगदी घाबरट राहिली, बाकीची मधे कुठेतरी आली. कल राहतो, पण तो पोराला कुठवर नेईल ते आधीच ठरलेलं नसतं.

पायरी ३: स्वभावावर ढकलण्याआधी शरीर तपासा

ही पायरी छोटी आहे पण लोक हमखास विसरतात. सतत चिडचिड, खाण्यात लक्ष नाही, लवकर दमतं, असं पोर "स्वभावानेच चिडकं" म्हणून सोडून देतात आणि निघतं काय तर हिमोग्लोबिन कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के भारतीय मुलं रक्तक्षय असलेली सापडली, त्यामुळे एकदा रक्त तपासून घेणं हा काही वेडेपणा नाही. लोहाच्या कमतरतेने चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही.

दुसरं झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दुपारच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांला ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप लागते. बाबा ऑफिसमधून साडेनऊला येतात म्हणून अकरापर्यंत जागणारं आणि सकाळी सातला उठवलं जाणारं दोन वर्षांचं पोर दुपारी आकांडतांडव करतं, त्याला हट्टी म्हणून काय उपयोग. कान दुखणं, कमी ऐकू येणं, जंत, बद्धकोष्ठ हे पण बघून घ्या.

आणि आईची तब्येत. बाळंतपणानंतरचं नैराश्य असलं की तेच बाळ दुप्पट अवघड वाटतं, आणि आई खचलेली असली की बाळाला पण सावरायला कोणी उरत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार. दोन आठवड्यांच्या वर रडू येत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, मनात नको ते विचार येत असतील तर डॉक्टरांना सांगायचं, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर फोन करायचा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "सगळ्यांनाच होतं असं" म्हणून गप्प बसवणाऱ्यांचं ऐकू नका.

पायरी ४: घराचा आणि पोराचा मेळ बघा

थॉमस आणि चेस यांचं सगळ्यात कामाचं म्हणणं माझ्या मते टक्केवारीत नाही, ते इथे आहे. त्यांनी म्हटलं की स्वभाव चांगला-वाईट नसतो, तो घराच्या अपेक्षेशी जुळतो किंवा जुळत नाही. त्यांच्याकडे न्यूयॉर्कमधलीच पण पोर्टो रिकोहून आलेली कामगार कुटुंबं पण होती. त्या घरांत लहान मूल उशिरापर्यंत जागलं, कुठल्याही वेळेला झोपलं तरी कोणी मनावर घेत नव्हतं, त्यामुळे झोपेच्या अनियमित वेळा ही तक्रारच नव्हती. मूल पाच वर्षांचं झालं, शाळेची घंटा आली आणि मग एकदम झोपेचे प्रॉब्लेम सुरू. पोर बदललं नव्हतं, घड्याळ आलं होतं. आणि मध्यमवर्गीय घरांत जे वागणं लोक सहज चालवून घेत होते ते तिथे छोट्या फ्लॅटमध्ये भयंकर वाटायचं, विशेषतः सारखं उड्या मारणारं मूल, कारण त्याला बाहेर सोडायला सुरक्षित जागाच नव्हती.

आता हे आपल्याकडे लावून बघा. वाड्यात, गावाकडच्या घरात, अंगणात हुंदडणारा मुलगा "चपळ आहे हो" म्हणून कौतुकाचा असतो, तोच वन बीएचकेमध्ये आला की खालच्या मजल्यावरचे बेल वाजवतात आणि तो एकदम "हायपर" होतो. पाहुणे आले की आईमागे लपणारी मुलगी काही घरांत "शांत, सोज्ज्वळ" आणि काही घरांत "हिला स्टेजवर ढकला नाहीतर कशी होणार". म्हणून वहीच्या दुसऱ्या बाजूला स्वतःबद्दल लिहा, दोघांनी वेगवेगळं. मला आवाज किती सहन होतो, वेळापत्रक मोडलं की माझं काय होतं, मला मूल बोलकंच हवं होतं का. आजी-आजोबा सोबत राहत असतील तर त्यांनाही विचारा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको, चहाच्या वेळी, "आई, हा लहानपणी कसा होता हो?" असं. नवऱ्याच्या लहानपणच्या ज्या गोष्टी बाहेर येतात त्याने अर्धा वाद तिथेच संपतो.

मग एकच ठरवायचं, या घरातली कुठली गोष्ट या पोरासाठी हलवता येईल. सगळ्या हलवायच्या नाहीत. चुळबुळ्या मुलाला संध्याकाळी तासभर बागेत, गच्चीवर, कुठेही पळायला न्यायचं हे पक्कं केलं तर रात्रीच्या जेवणाचं युद्ध बरंच कमी होतं.

पायरी ५: पहिल्या वर्षात आवर तुमच्याकडून उसना द्यायचा असतो

सहा महिन्यांच्या बाळाला "शांत हो" म्हणून काही होत नाही, त्याच्याकडे शांत व्हायचं यंत्रच अजून तयार नाही. लक्ष एका गोष्टीवरून मुद्दाम काढून दुसरीकडे वळवणं हे पहिलं हत्यार, ते वर्षाच्या शेवटी शेवटी जरा दिसायला लागतं. मेरी रॉथबार्ट या ओरेगनच्या संशोधिकेने स्वभावाचे दोन भाग सांगितले, एक म्हणजे किती पटकन आणि किती जोरात पेटतो, आणि दुसरा म्हणजे पेटल्यावर स्वतःला कसं विझवतो. पहिला जन्मापासून दिसतो. दुसरा दोन ते पाच वर्षांच्या काळात भराभर वाढतो आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडेपर्यंत पक्का होत राहतो. तोपर्यंत मोठ्या माणसाच्या मांडीवर, आवाजावर, श्वासावर त्याचं भागतं.

म्हणून पहिल्या वर्षात रडलं की उचलायचं. "सारखं उचललं की अंगाची सवय लागते" हे वाक्य तुम्ही ऐकणार, ऐकून घ्या आणि उचला. नेदरलँड्समध्ये १९९४ साली छापून आलेला एक प्रयोग मला फार आवडतो. पटकन चिडणारी १०० तान्ही बाळं, सगळी कमी उत्पन्नाच्या घरातली. त्यातल्या निम्म्या आयांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना घरी जाऊन फक्त तीन भेटी दिल्या आणि काय शिकवलं, तर बाळाचा इशारा बघायचा, लगेच प्रतिसाद द्यायचा, ते तोंड फिरवतंय तर खेळणं मागे घ्यायचं. वर्षाची झाली तेव्हा या गटातली कितीतरी जास्त बाळं आईशी निर्धास्त जोडलेली होती, दुसऱ्या गटाच्या मानाने रडणं कमी आणि खेळणं जास्त. तीनच भेटी! काही महागाचा कोर्स नाही.

यातलं "तोंड फिरवलं तर मागे घ्यायचं" हे आपल्याकडे जरा अवघड जातं कारण आपल्याकडे बाळ सार्वजनिक मालमत्ता असते. ते मान वळवतंय, मूठ आवळतंय, जांभया देतंय म्हणजे पुरे झालं सांगतंय आणि मामा अजून वर उडवतोय. तेव्हा मधे पडायचं, "झोपेला आलंय" म्हणून घेऊन जायचं, कोणाला वाईट वाटत नाही.

आणि प्रत्येक वेळी बरोबर ओळखायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना काही मिनिटं चेहरा मख्ख ठेवायला सांगून बाळं किती कासावीस होतात ते दाखवलं. त्यांचंच दुसरं निरीक्षण मात्र कमी लोकांना माहीत आहे, की चांगल्या जमलेल्या आई-बाळाच्या जोड्या सुद्धा साधारण ३० टक्के वेळच सुरात असतात. उरलेला वेळ चुकतं, मग पुन्हा जुळतं, आणि त्या पुन्हा जुळण्यातूनच बाळ शिकतं की बिघडलं तरी नीट होतं. फोन हातात घेऊन दूध पाजताना तुमचा चेहरा तोच मख्ख होतो, एवढं फक्त लक्षात असू द्या.

पायरी ६: आता स्वभावाप्रमाणे रीत बदला

*भित्रं, बुजरं मूल.* आयोवाच्या ग्राझिना कोचान्स्का यांनी दाखवलं की अशा मुलाला हळू आवाजातली, समजावणीची शिस्त पुरते, त्याला आतूनच लागतं. वरून ओरडलात तर भीतीने डोकं बंद पडतं आणि काय चुकलं हे शिकायचं राहूनच जातं. बागुलबुवा, पोलीस, झोळीवाला बाबा यांना पूर्ण रजा. पण दुसरं टोक पण नको, म्हणजे घाबरतो म्हणून कुठेच न्यायचं नाही असं केलं तर भीती घट्ट होते. लग्नाला जायचंय तर हॉल भरायच्या आधी पोहोचा, त्याला कडेवरून बघू द्या, "काकूला नमस्कार कर" लगेच नको, तासाभराने तोच मांडवात पळताना दिसेल. अंगणवाडीत किंवा प्लेग्रुपला सोडताना पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ बसा, पण जाताना गुपचूप सटकू नका, सांगून जा, रडलं तरी.

*कशालाच न भिणारं, धीट मूल.* याला धाक चालत नाही, फटके मोजून घेतं आणि परत तेच करतं. कोचान्स्का यांच्या अभ्यासात अशा मुलांना वळण लागलं ते जवळिकीतून, म्हणजे आईशी गोडी आहे म्हणून तिचं ऐकावंसं वाटणं. मारणं वाढवत गेलात तर हातात काहीच उरत नाही. रोज वीस मिनिटं त्याच्या मर्जीने खेळा, सूचना न देता, आणि मग नियम सांगा. नियम कमी ठेवा पण ते दगडावरची रेघ.

*सगळंच मोठ्या आवाजात करणारं, चिडकं, वेळा नसलेलं.* हेच ते १० टक्के आणि सगळ्यात जास्त टोमणे खाणाऱ्या आया यांच्याच. मानसशास्त्रज्ञ जे बेल्स्की यांच्यासारख्या संशोधकांनी १९९७ पासून लावून धरलेली गोष्ट अशी की अशा मुलांवर वाईट वागणुकीचा परिणाम इतरांपेक्षा जास्त होतो हे खरं, पण चांगल्या वागणुकीचा फायदाही त्यांनाच जास्त होतो. तेव्हा "एवढं करून उपयोग काय" असं ज्या पोराबद्दल वाटतं तिथेच उपयोग सगळ्यात मोठा असतो. याला घराकडून नियमितपणा हवा. जेवण, अंघोळ, झोप यांचा क्रम रोज तोच ठेवा, वेळ थोडी इकडेतिकडे चालेल. पुढे काय होणार ते आधी सांगा, "दोन झोके झाले की घरी", आणि दोन म्हणजे दोन.

सोपं मूल असेल तर त्याच्याकडे पण बघा जरा. गप्प राहतं म्हणून त्याला कोणी विचारतच नाही.

पायरी ७: हट्टाच्या वेळी काय करायचं

दीड ते तीन वर्षांत भोकाड पसरणं, जमिनीवर लोळणं हे जवळपास प्रत्येक घरात होतं. आधी सापळा समजून घ्या. जेराल्ड पॅटरसन यांनी ओरेगनमध्ये घराघरांत जाऊन हे टिपलं होतं: आई नाही म्हणते, पोर ओरडतं, आई चिडते, पोर अजून ओरडतं, आई वैतागून देऊन टाकते. क्षणात शांतता. पोराला कळलं की ओरडलं की मिळतं आणि आईला कळलं की दिलं की शांत होतं, दोघंही एकमेकांना शिकवतायत. आणि त्याहून वाईट म्हणजे चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा देणं, त्याने हट्ट जास्त चिवट होतो, रोज दिल्यापेक्षाही.

म्हणून आधी ठरवा कशाला नाही म्हणायचं. द्यायचंच असेल तर पहिल्याच मागणीला हसून द्या. नाही म्हणायचं असेल तर मग नाहीच. डी-मार्टच्या रांगेत चॉकलेटच्या स्टँडपाशी हे ठरवायचं नसतं, घरून निघतानाच ठरवायचं, "आज खाऊ नाही, आज फक्त पोहे आणि साबण", आणि पोट भरून न्यायचं, अर्धे हट्ट भुकेचे असतात.

झालाच सुरू तर, एक, स्वतःचा आवाज खाली आणा, त्याच्या उंचीला बसा. दोन, जे वाटतंय त्याला नाव द्या, "तुला ते हवं होतं, राग आलाय", एवढंच, भाषण नको, त्या वेळी त्याच्या डोक्यात वाक्यं शिरत नाहीत. तीन, डोकं आपटत असेल, मारत असेल तर हात धरा किंवा उचलून बाजूला न्या, गप्प राहून. चार, ओसरेपर्यंत जवळ थांबा. काही मुलांना मिठी लागते, काहींना हात लावला की अजून भडकतात, तुमची वही काय म्हणते ते बघा. पाच, शांत झाल्यावर लगेच पुढच्या कामाला लागा, पाणी द्या, आणि स्वतःहून थांबला असेल तर ते सांगा, "तूच थांबलास की". जुना हट्ट उकरून काढायचा नाही.

पहिल्यांदा तुम्ही ठाम राहिलात की हट्ट काही दिवस आधीपेक्षा वाढतो. हे अपेक्षितच आहे, जे आधी चालत होतं ते चालेना म्हणून पोर आवाज वाढवून बघतं. बहुतेक घरं इथेच हार मानतात.

आणि हो, एकत्र घरात हे आईने एकटीने केलं तर पाण्यात. आई नाही म्हणाली की आजोबा खिशातून गोळी काढतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना त्यांचं स्वतःचं काहीतरी द्या. रोज संध्याकाळी शेंगदाण्याचा कूट-गूळ आजोबांनीच द्यायचा, दुसऱ्या कोणी नाही. त्यांचा मान राहतो, त्याला वेळ कळते.

मोबाइलबद्दल थोडं. रडलं की व्हिडिओ लावला तर रडणं थांबतं यात वाद नाही, पण स्वतःला शांत करायचा सराव दरवेळी हुकतो. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, असं बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचंही म्हणणं आहे, लांबच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालतो. जेवताना लावायची सवय असेल तर एका जेवणापासून सोडवा, सगळी एकदम नको. फटका मारण्याचं पण तसंच. त्या क्षणी थांबतं म्हणून बरं वाटतं, पण मार खाणारी मुलं पुढे जास्त मारकुटी होतात हे इतक्या अभ्यासांत आलंय की आता त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पायरी ८: तीन वर्षांनंतर सराव, तोही खेळातून

इथे आपल्याकडे खजिना आहे आणि आपण क्लासेसना पैसे भरतो. "चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड!" आठवतंय ना? म्हैस म्हटल्यावर वर जाणारा हात रोखायचा. प्रयोगशाळेत मुलांचा आवर मोजायला याच धर्तीच्या चाचण्या असतात, एका खुणेवर करायचं आणि दुसरीवर थांबायचं. तीन वर्षांचं पोर म्हशीला हमखास उडवतं आणि खदखदून हसतं, चार-साडेचारला हात अर्ध्यातून खाली येतो, तो अर्ध्यातून येणारा हात बघायला मजा येते. तसंच स्टॅच्यू, विष-अमृत, शिवाजी म्हणतो, संगीत खुर्ची. भित्र्या मुलाला आधी घरातल्या घरात खेळवा, चुळबुळ्याला उभ्याचे खेळ द्या, बसवून पत्ते नकोत. बाद होणं ज्याला सहन होत नाही त्याच्याबरोबर बाद न होता नुसतं हसायचा नियम ठेवा सुरुवातीला.

थांबायची सवय मात्र रोजच्या जगण्यातून लागते. एक गोड आत्ता की थोडं थांबून दोन, असा स्टॅनफर्डचा गाजलेला प्रयोग तुम्ही ऐकला असेल, वॉल्टर मिशेल यांचा, थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी झाली वगैरे. २०१८ मध्ये नऊशेच्या वर मुलांवर परत बघितलं तेव्हा तो परिणाम बराच लहान निघाला आणि घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर आणखी खाली आला. तेव्हा घरी पोरापुढे लाडू ठेवून परीक्षा घेत बसू नका. २०२२ ची एक गंमत जास्त कामाची आहे: जपानी मुलं खाऊसाठी जास्त वेळ थांबली आणि अमेरिकन मुलं गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी, कारण जपानमध्ये सगळ्यांना वाढेपर्यंत खायचं नसतं आणि अमेरिकेत नाताळची भेट झाडाखाली ठेवून सकाळची वाट बघायची असते. ज्या घरात जी वाट बघायची रीत, तिथे ती सोपी जाते. आपल्याकडे गणपतीत मोदक समोर दिसत असतात आणि नैवेद्य दाखवून, सगळ्या आरत्या होऊन, मंत्रपुष्पांजली संपल्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि तीन वर्षांचं कार्टं सुद्धा टाळ्या वाजवत थांबतं कारण सगळेच थांबलेले असतात. हे वर्षातून एकदा न करता रोज जरा करा. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायचं, "वदनी कवळ" म्हणायचं, मग जेवायचं. मोठ्यांनीसुद्धा, बाबांनी आधीच पापड मोडायचा नाही.

हे एवढं कशासाठी, असं वाटलं तर न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावचा अभ्यास आहे, १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेली १०३७ मुलं, अजून त्यांच्या मागावर आहेत. लहानपणी स्वतःला आवरता येणारी मुलं वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तब्येतीने आणि पैशाने बऱ्या स्थितीत होती. त्यात मला धीर देणारी ओळ वेगळीच वाटली, ज्यांचा आवर मधल्या वर्षांत वाढला त्यांचंही पुढचं अपेक्षेपेक्षा बरं झालं. म्हणजे चौथ्या वर्षी गाडी सुटली असं काही नसतं.

पायरी ९: कधी दाखवायचं

वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, आलेले शब्द गेले, बोट दाखवत नाही. चार वर्षांनंतरही रोज अनेकदा लांबलचक आकांडतांडव, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा. भीती एवढी की शाळेत महिनोन्महिने तोंडच उघडत नाही. यात "बाप पण उशिरा बोलायला लागला होता" हे ऐकून थांबायचं नाही. आधी बालरोगतज्ज्ञ. खाजगी झेपत नसेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन तपासतात, अंगणवाडीताईंना तारीख विचारा, तिथून गरज असेल तर जिल्ह्याच्या लवकर निदान केंद्राला पाठवतात आणि पैसे लागत नाहीत.

जाताना ती वही न्या. शिवाय घरी झालेल्या हट्टाचा एखादा व्हिडिओ कोणाला तरी लांबून काढायला सांगा, सुरू होण्याआधीचा भाग पण त्यात येऊ दे, कारण डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्यावर पोरं हटकून गोगलगाय होतात आणि मग आईच खोटी ठरते.